माशांच्या पेटीतली वाळू एका दुपारी बदलू नका

प्राणिशास्त्र विभागाबाहेर, जिन्याच्या वळणावर ठेवलेली माशांची पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. तास चुकवून तिच्यापुढे उभे राहणाऱ्यांत मीही आहे, हे प्राध्यापकवर्गाची क्षमा मागून कबूल करतो. यंदाच्या स्नेहसंमेलनापूर्वी ही पेटी ‘नवी’ करावी, तळाची काळपट वाळू काढून तिथे निळे खडे घालावेत, अशी सूचना आम्हा विद्यार्थ्यांतून पुढे आली आहे. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. निळ्या रंगाविषयीचे माझे मत मी राखून ठेवतो. परंतु ‘एका शनिवारी दुपारी बसून सगळे उरकून टाकू’ असे जे बोलले जात आहे, त्याला माझा विरोध आहे आणि तो नोंदवण्यासाठीच हा लेख.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सोडून माशांत का पडावे, असे कोणी विचारील. माझ्याजवळ त्याचे उत्तर सात माशांचे आहे.

२०२३ सालची गोष्ट. गणेश चतुर्थीच्या आदल्या रविवारी आमच्या घरी साफसफाई चालली होती. आमच्या बाहेरच्या खोलीत गणपती बसतो आणि त्याच खोलीत, खिडकीखाली, माझ्या धाकट्या बहिणीची माशांची पेटी होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीन गोल्डफिश आणि आठ गप्पी, असे अकरा मासे. आज मी एवढ्याशा पेटीत गोल्डफिश ठेवणार नाही, पण तेव्हा ते कळत नव्हते. मासे मजेत होते. वाळू मात्र दोन वर्षांत काळी पडली होती, आणि आल्यागेल्यासमोर ती बरी दिसणार नाही असे मला वाटले. बहीण नको म्हणत होती. मी मोठा भाऊ, तेव्हा माझेच खरे झाले.

आम्ही मासे बादलीत काढले. सगळे पाणी मोरीत ओतले, वाळू पोत्यात भरून परसात टाकली. वाळूखाली प्लास्टिकची जाळी असते, जिच्यातून हवेच्या पंपामुळे पाणी सतत खाली ओढले जाते. ती जाळी नळाखाली घासली आणि उन्हात वाळत ठेवली. बाजारातून संगमरवराचे पांढरे खडे आणले होते ते पसरले, नळाचे पाणी भरले, मासे सोडले. संध्याकाळपर्यंत पेटी अशी दिसू लागली की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. मंगळवारी गणपती आले. पाहुण्यांच्या मुलांनी माशांना मनसोक्त खाऊ घातले. गुरुवारी, गौरी आल्या त्या दिवशी सकाळी, दोन गप्पी पाण्यावर तरंगताना दिसले. बाकीचे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करीत होते. शनिवारपर्यंत सात गेले. आजी म्हणाली, दृष्ट लागली. बहिणीने मला काही म्हटले नाही. ती दोन दिवस त्या खोलीत आरतीलासुद्धा आली नाही.

उरलेले चार वाचले ते आपल्याच महाविद्यालयातील, याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मित्रामुळे. तो विज्ञान शाखेचा. शुक्रवारी संध्याकाळी तो दर्शनाला आला, मूर्तीआधी पेटीकडे पाहिले आणि जुना ‘उसुकु’ कुठे आहे असे विचारले. उसुकु म्हणजे वाळू. पुस्तकी कन्नडमध्ये मरळु म्हणतात, पण आपल्या भागात उसुकुच. परसातले पोते मी दाखवले. पाच दिवस उन्हात पडून ते पार कोरडे झाले होते. त्याने मान हलवली, सायकलवरून घरी गेला आणि स्वतःच्या पेटीतली मूठभर ओली, मळकट वाळू फडक्यात बांधून घेऊन आला. ती पुरचुंडी घेऊन मी सवयीने नळाकडे वळलो, तसा तो केवढ्यांदा ओरडला, ‘तोळीब्याड!’ धुऊ नकोस! त्या मळातच काय ते होते, हे मला नंतर समजले.

ते काय होते हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुन्याचा दगड भरून वरून गटाराचे पाणी सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही; पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग हळूहळू तो नाहीसा होऊन त्याऐवजी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली, आणि बागेतली माती कालवलेले पाणी घालताच काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वस्तीला आलेल्या जिवाणूंचे होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. अमोनियाचे नायट्राइट करणारे निराळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे निराळे. घरगुती पेटीत दुसरे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा नावाचे जिवाणू करतात, हे तर १९९८ साली होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तोपर्यंत पुस्तकांतून दुसऱ्याच जिवाणूचे नाव छापले जात होते.

मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया पाण्यात सोडत असतो. नदीत तो वाहून जातो. पेटीत तो त्याच्याच नाकाशी राहतो. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, आणि मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सोसते. आठवड्याला थोडे पाणी बदलले की भागते. तेव्हा आमच्या पेटीतले मासे दोन वर्षे जगले ते माझ्या बहिणीच्या प्रेमावर कमी आणि त्या काळ्या वाळूवर जास्त. श्लोझिंग-म्युंट्झ यांच्या नळीला जे वीस दिवस लागले, तेच आमच्या नव्या खड्यांना लागणार होते. नव्या पेटीत ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडेही लागतात. मी माशांना चार दिवसही दिले नव्हते.

पण भिंतींवर, काचेवर जिवाणू नसतात का? असतात. मी याचा हिशेब मांडून पाहिला आहे. दोन फूट बाय एक फूट तळावर पाच सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे नऊ लिटर वाळू, वजनाने चौदा-एक किलो. दाणे साधारण तीन मिलिमीटरचे आणि गोल धरले, तर त्या सगळ्या दाण्यांचे मिळून पृष्ठफळ दहा चौरस मीटरच्या थोडे वर जाते. दहा बाय दहाच्या खोलीला अंथरायला पुरेल एवढे. आणि त्याच पेटीच्या चारही काचा आतून मोजल्या तर जेमतेम अर्धा चौरस मीटर. खालच्या थरात पाणी फिरत नसेल तर तिथली जागा वाया जाते हे खरे. पण आमच्याकडे तर जाळीमुळे पाणी थेट वाळूतूनच ओढले जात होते. वाळू हाच आमचा फिल्टर होता. मी तो पोत्यात भरून परसात टाकला होता.

आमच्या हिशेबशास्त्रात ‘ख्याती’ नावाची एक संपत्ती असते. दुकानाने वर्षानुवर्षे स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात कुठेच लिहीत नाहीत. कोणी ते दुकान विकत घेतले तरच तिची किंमत आकड्यांत दिसते. परीक्षेत हे मी दोनदा बरोबर लिहिले आहे. घरात मात्र फळ्या, काउंटर, पाटी सगळे नवे करण्याच्या नादात गिऱ्हाईकच घालवून बसलो.

आता एक चुकीची समजूत. माझ्या फजितीची हकिगत ऐकून बहुतेकजण म्हणतात, ‘जुने पाणी ठेवायला हवे होते.’ ठेवायला हवे होते हे बरोबर, पण कारण ते समजतात ते नव्हे. उपयोगाचे जिवाणू पाण्यात फारच थोडे असतात. ते दाण्यांना, स्पंजला, काचेला चिकटून राहतात. जुने पाणी ठेवायचे ते एवढ्यासाठी की माशाला एकाएकी निराळे तापमान आणि निराळ्या गुणाचे पाणी सोसावे लागू नये. सगळी वाळू फेकून सगळे पाणी ठेवले, तरी चार दिवसांनी आमचे तेच झाले असते.

दुसरी गोष्ट संगमरवराची. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड होते आणि त्याचा पीएच चढतो. पीएच आणि अमोनिया यांचे नाते मोठे वाईट आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियातला सुमारे ०.६ टक्केच भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, विष जवळजवळ नऊपट. आमच्या पांढऱ्या खड्यांनी आगीत तेल ओतले असावे. दुकानदाराला मी दोष देत नाही. मी सुंदर खडे मागितले, त्याने दिले.

मग वाळू कधीच बदलू नये का? माझे मत विचाराल तर शंभरातल्या नव्वद वेळा गरज नसते. वाळू काळपट झाली म्हणजे घाण झाली असे नाही. पाणी बदलताना रबरी नळीचे टोक तळाशी धरून दाण्यांमधला कचरा ओढून घेतला की वाळू वर्षानुवर्षे चालते. परंतु खरी कारणेही असतात. खडे चुन्याचे निघाले, रंगवलेल्या खड्यांचा रंग सुटू लागला, थर फार जाड होऊन खालून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, किंवा दगड धारदार असून तळाशी चरणाऱ्या मिशीवाल्या माशांच्या मिशा झिजू लागल्या, तर बदलावीच. घाई मात्र करू नये.

मित्राच्या देखरेखीखाली मी ते संगमरवरी खडे पुढे काढले, ते असे. आधी नवी वाळू निवडली: नदीची, गोलसर दाण्याची, दोन-तीन मिलिमीटरची. तिच्यावर प्रयोगशाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून पाहिले. फेस आला तर चुना आहे असे समजावे. घरी लिंबाच्या रसानेही पाहता येते, पण तो सौम्य असल्याने बारीक बुडबुडे नीट न्याहाळावे लागतात. मग वाळू साध्या पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत, दहा-बारा वेळा धुतली. साबण नाही, धुण्याची पावडर नाही. नव्या वाळूला ‘तोळीब्याड’ लागू नाही!

तळाचे मनातल्या मनात चार भाग केले आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक भाग बदलला. त्या दिवशी माशांना खायला घालायचे नाही. चांगला पोसलेला मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. आपल्यालाच राहवत नाही. प्रथम नळीने त्या कोपऱ्यातला कचरा ओढून घ्यायचा, नाहीतर सगळी पेटी गढूळ होते. त्या पाण्यातले वरचे नितळ पाणी बादलीत राखून ठेवायचे. मग झाऱ्याने खडे अलगद उचलून काढायचे. झारा स्वयंपाकघरातलाच घेतला होता. आईने तो परत आत घेतला नाही. नवी वाळू पातेलीत भरून पेटीच्या तळाशी नेऊन हळूच उपडी करायची, वरून ओतायची नाही. काढलेल्यातली दोन मुठी सामग्री पातळ फडक्यात बांधून, न धुता, नव्या भागावर तीन-चार आठवडे ठेवायची. खडे चुन्याचे असले तरी एवढ्या दोन मुठींनी बिघडत नाही, आणि त्यांच्यावर तोवर वस्ती झालेली असते. दुसऱ्याच्या पेटीतली वाळू मागून आणायची असेल तर तिथले मासे निरोगी आहेत ना, हे आधी पाहावे. जिवाणूंबरोबर रोगही येतात.

थर जाड असेल आणि खालून काळा पट्टा दिसत असेल, तर मासे आधी बादलीत काढावेत. बादली पेटीतल्याच पाण्याने भरावी, तिच्यात हवेची नळी सोडावी, वर जाळीचे झाकण ठेवावे. त्या काळ्या थरात हायड्रोजन सल्फाइड साठलेले असते आणि ते माशांना घातक आहे.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि जिवाणूंना, दोघांनाही बाधतो. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो. पाण्यात क्लोरामाइन असेल तर तो असा जात नाही. खात्री नसेल तेव्हा दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे औषध मोजून घालावे. आणि काही दिवस अमोनिया व नायट्राइट यांची थेंबांची परीक्षा करावी. दोन्ही शून्यावर हवीत. त्या शुक्रवारी आमच्या नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गडद हिरवे झाले होते. मित्राने काही न बोलता ते बहिणीच्याच हातात दिले. असे दिसले तर सगळे पाणी ओतून न टाकता तिसरा हिस्सा बदलावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा हिस्सा. आम्ही हे दहा दिवस केले. विसर्जनाच्या दिवशीसुद्धा.

ज्या पेटीला वेगळा स्पंजचा किंवा डब्याचा फिल्टर आहे, तिथे एवढे भिण्याचे कारण नाही. तिथे वस्तीचा मोठा भाग फिल्टरमध्येच असतो. वाळू दोन हप्त्यांतही बदलता येते. पण मग त्या फिल्टरला मागे-पुढे दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. वाळूही नवी आणि स्पंजही धुतलेला, असे एकाच वेळी झाले की पुन्हा माझ्या रविवारची पुनरावृत्ती. वाळू बदलताना फिल्टर काही तास बंद ठेवावा लागला तर स्पंज पेटीतल्या पाण्यातच बुडवून ठेवावा, सुकू देऊ नये.

जिन्याजवळच्या पेटीला सुदैवाने असा स्पंज आहे. पेटी तीन फुटांची, वाळू अंदाजे पंचवीस किलो. तळाशी मिशीवाले पाच छोटे मासे आहेत. दुकानात त्यांना कोरी म्हणतात. ते दिवसभर वाळूत तोंड खुपसून असतात. निळे खडे मी हातात घेऊन पाहिले. कडा धारदार आहेत आणि ओल्या बोटाला रंग लागतो. तेव्हा राखून ठेवलेले मत सांगूनच टाकतो: खडे परत करावेत. त्या पैशांत नदीची गोल वाळू आणि मागच्या काचेला लावायला एक निळा कागद, दोन्ही येतील. ज्यांना निळे हवे त्यांना निळे दिसेल, आणि कोरींच्या मिशा राहतील.

काळी वाळू बदलायचीच असेल तर संमेलनाआधी चार रविवार काढावेत. संमेलनाच्या आठवड्यात पेटीला कोणीही हात लावू नये, आणि त्या दिवशी तिच्यापुढे एक स्वयंसेवक उभा करावा, कारण पाहुण्यांची मुले शेवटी खाऊ टाकणारच. पेटीचा प्रत्येक रविवारचा हिशेब, म्हणजे किती वाळू काढली, अमोनिया किती, नायट्राइट किती, हे मी वहीत लिहीन. माझा तो मित्र तोच तक्ता कन्नडमध्ये फळ्यावर लावायला तयार आहे. विभागप्रमुखांची परवानगी मिळाली तर पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे येऊ. झारा माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी चार बादल्या पाणी भरून उघडे ठेवावे, एवढीच विनंती.